हात अडकू नयेत म्हणून

३ फेब्रुवारी, मंगळवार

केबलवाला पवन सकाळीच दारात. "मावशी, तुमच्या घरनं येवढं काय जातंय भाईर? आख्ख्या गल्लीचं नेट बसलंय. आवरा, न्हायतर तुमची लाइन काढतो."

तळेगावच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळते मी, आणि घरचाच आवरत नाही! धान्याच्या कोठीशेजारी जुना कॉम्प्युटर आहे, त्यावरून प्रतीक्षाच्या धड्यांचे व्हिडिओ नेटवर जातात. दहावीचं गणित, खुणांच्या भाषेत. लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. दहावीत तिला जे कुणी समजावलं नाही, ते ती आता दुसऱ्यांना समजावते. मोठ्या साइटवर टाकायला तयार नाही – मधेच जाहिरात येते आणि हात तुटतो, म्हणते.

धड्यांच्या साइटवरची निरोपांची पेटी उघडली. गेल्या महिन्यात पाच-सात जण असायचे. आज जत, किनवट, सावंतवाडी, गडचिरोली... संपेचनात. परीक्षा तोंडावर आली आणि पोरांनी एकमेकांना सांगितलंय. एवढी मुलं माझ्या कोठीकडे डोळे लावून बसलीत! तवा तापून धूर निघाला तेव्हा भानावर आले.

४ फेब्रुवारी

बाहेर जाणाऱ्या डेटावर मर्यादा घातली. एका वेळी वीसच जण. बाकीच्यांना 'नंतर या' अशी पाटी. पवन खूश.

प्रतीक्षाने पाटी बघितली आणि तिचे हात झपाझप चालले. "मला वर्गाबाहेर बसवायचे, तसं?" जेवली नाही.

५ फेब्रुवारी

पाटी काढली. आता कुणालाच परत पाठवायचं नाही. जेवढं जाईल तेवढं सगळ्यांत सारखं वाटायचं – उन्हाळ्यात नळाला बारीक धार येते, तसं.

तर चित्र अडकायला लागलं. हात अर्ध्यात थांबला की 'वजा' आहे की 'भागिले', कळत नाही. प्रतीक्षाने करून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मग ठरवलं, धडा आधी पूर्ण उतरू द्यायचा, मगच दिसेल. हळू, पण अख्खा. पण एवढं थांबेल कोण?

६ फेब्रुवारी

थांबतायत! जतच्या एकाने लिहिलंय – "धडा लावून शेळ्या सोडायला गेलो. आलो तर पूर्ण उतरला होता. धन्यवाद टीचर."

हे म्हणजे लोकरी दोऱ्याएवढी धार, आणि तिच्या टोकाला महाराष्ट्रभर पोरं बसलीत, गप्प, वाट बघत. सुहास ऑफिसचा डबा हातात घेऊन माझ्या मागे उभाच राहिला. म्हणाला, "आपल्या पोरीसाठी थांबलेत हे सगळे?" त्याची बस चुकली. त्याला काही वाटलं नाही, मलाही नाही.

९ फेब्रुवारी

पोरं वाढली, धार आणखी बारीक झाली. आता धडा उतरायला निम्मा दिवस. परीक्षेआधी होणार कसं? काहीतरी कमी करायलाच हवं.

आणि सुचलं – आवाज! बघणाऱ्यांना ऐकू येत नाही, मग आवाज कशाला पाठवायचा? त्यात आहे तरी काय? कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचे ट्रक, आणि मोबाइल धरून प्रतीक्षाच्या हातांबरोबर पुटपुटणारी मी. तिच्याकडून खुणा शिकताना लागलेली सवय. सगळ्या धड्यांतला आवाज काढून टाकला. फरक लगेच दिसला. स्वतःवर फारच खूश आहे आज.

१० फेब्रुवारी

लाइन एकदाही बसली नाही. पवनने रस्त्यात थांबून नमस्कार केला.

१२ फेब्रुवारी

साइटवर नंबर माझा आहे. दुपारी फोन – पवनानगरकडची हिरा म्हणून कोणी. मुलगा सार्थक दहावीला, त्याला ऐकू येत नाही.

"ताई, आवाज गेला वो."

म्हटलं, मुलाला कुठे ऐकू येतं?

"त्येला न्हाई येत. मला येतं की. तो बगतो, मी शेजारी बसून तुमचं ऐकते. तुमी बोलता तवा त्या हाताचा अर्थ मला कळतो. मागल्या आठवड्यात पयल्यांदा त्येला हातानं इचारलं, गणित सुटलं का? लय हसला. मग रडलाबी."

माझं पुटपुटणं! तेवढ्यावर एक आई आपल्या मुलाशी बोलायला शिकत होती, आणि मी ते कचरा म्हणून फेकलं.

प्रतीक्षाने चेहरा बघून विचारलं, काय झालं? सांगितलं.

"कोणता आवाज?"

तिला माहीतच नव्हतं. मी नेहमी मोबाइलच्या मागे. तिची नजर भिंगाकडे. "सगळ्या धड्यांत तू बोलत होतीस? माझ्याबरोबर?" दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

पण परत घालायला जागा कुठे आहे? मर्यादा तेवढीच, पोरं तेवढीच.

१३ फेब्रुवारी

उठले तर प्रतीक्षा कॉम्प्युटरपुढे. सगळ्या धड्यांतलं स्वतःचं चित्र तिने कापून लहान केलंय – चेहरा आणि हात, बस. वाचलेल्या जागेत आवाज परत घातला. कधीच ऐकू येणार नाही तिला तो.

मग नव्या धड्यासाठी मोबाइल माझ्या हातात दिला. तिने पहिली खूण केली, मी नेहमीसारखी पुटपुटले. ती थांबली. जवळ आली, माझ्या गळ्यावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने सांगितलं – मोठ्याने.