तक्रार नाही

सर, तुमच्यावर झालेल्या ऑपरेशनचा अहवाल आता विद्यार्थ्यांना नमुना म्हणून वाटणार आहेत. केसचे अहवाल कसे लिहावेत याचे नियम सुधारायला एक समिती बसली आहे, आणि तिच्यात मीही आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून हसला असता. मला काही हसू येत नाही.

सत्तरच्या दशकात वर्ध्याला तुमच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिला अहवाल मी मोठ्या ऐटीत तुमच्यापुढे ठेवला होता. सेलूकडची भाजीवाली बाई, आतड्याला पीळ पडलेला, तुम्ही तिला मरणाच्या दारातून ओढून आणलेलं. शेवटची ओळ होती, 'रुग्ण बरी होऊन घरी गेली, तक्रार नाही.' तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवता. "घरी गेली हे तुले दिसलं. बरी झाली हे कोनं सांगतलं? पाहून येजो." सेलूच्या बाजारात ती वांग्यांच्या ढिगामागे बसली आहे. मला पाहून पदर सावरते, बसायला पोतं देते, तब्येत विचारली तर म्हणते बेस आहे. शेजारणीनं तोंड उघडलं तेव्हा कळलं की जेवली की पोट धरून बसते. मग दवाखान्यात का आली नाही, असं विचारलं तर माझ्यावरच चिडली. "डाक्तरसाहेबानं जीव वाचवला माहा. आता अजून दुखते म्हून सांगू त्याईले? बरं दिसते का ते?" जेवू घालणाऱ्याला भाजी अळणी झाली असं आपल्याकडे कोणी सांगत नाही, तसंच हे. तुम्ही तिला पुन्हा बोलावलंत, औषधं दिलीत, थोडाच गुण आला, आणि तेवढंच मला लिहायला लावलंत. शेवटचा परिच्छेद काढा, मग छापू, असं वैद्यकीय मासिकानं कळवलं. तुम्ही म्हणालात, "मंग राहू दे." तो अहवाल कधीच छापला गेला नाही.

ऐंशीच्या दशकात तुम्हीच टेबलावर आलात. ऑपरेशन तुमच्या लाडक्या विद्यार्थ्यानं केलं, माझ्या मागून आलेल्या. तुम्ही शिकवलेलं तो विसरला नव्हता. दर वेळी खोदून खोदून विचारायचा, आणि तुम्ही म्हणायचात, बेस. मी तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही मऊ भाताचं ताट दोन घासांत बाजूला सारलंत आणि पोटावर हात दाबून बसलात. मला तुमचा राग आला, अजूनही येतो. तुम्ही म्हणालात, "त्याले सांगू नको. पोरगं जीव तोडून झटलं माह्यासाठी, त्याले वाईट वाटन." थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. लोक म्हणाले, हृदय. सांगितलं असतंत तर वाचला असतात का, हे आता कोण सांगणार? अहवाल तोवर छापून आला होता. शेवटची ओळ, तक्रार नाही.

समितीनं आता नवा रकाना घातला आहे, रुग्णाचं स्वतःचं म्हणणं. तो कसा भरला जाणार हे मला माहीत आहे. ज्यानं टाके घातले त्याच्यासमोर माणूस खरं बोलत नाही, आणि जिथं तुम्ही बोलला नाहीत तिथं दुसऱ्याकडून काय अपेक्षा करायची? मी बैठकीला जातो, चहा पितो, मान हलवतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुमचा तो विद्यार्थी आता आमचा अध्यक्ष आहे, केस पांढरे झालेत. परवा सगळे उठून गेल्यावर तुमचा अहवाल हातात घेऊन तो माझ्याजवळ बसला. म्हणाला, "तुम्ही शेवटी सरांच्या घरी जात होतात. सर खरंच बरे होते ना?"

मी म्हणालो, "हो. बेस होते."