कट म्हटल्यावर उठायचं असतं

४ जानेवारी

पोचलो, आणि चक्क खूश आहे. इतक्या वर्षांत खोली आणि काम एकाच दारामागे मला कुणी दिलं नव्हतं. बंद पडलेलं गेस्टहाउस आहे, दोन मजली, शेजारी पेट्रोल पंप. वर शूटिंग चालतं, खाली सगळे राहतात. चादरी-उशा ठेवायची खोली माझ्या वाट्याला आली. इस्त्रीच्या लांब टेबलावर दोन मॉनिटर, कोपऱ्यात खाट, खिडकीतून भरपूर ऊन. संकलकाला आणखी काय लागतं?

काम भाचीने मिळवून दिलं. तिची ही पहिली फिल्म आणि ती नायिका, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहणारी मुलगी. निघताना ताईने बजावलं, पोरीवर लक्ष ठेव आणि तुझी जीभ आवर. पहिलं मी कबूल केलं.

दिग्दर्शक तिशीचा, शांत, नको इतका नम्र. त्याचा एकच नियम आहे: संकलकाने सेटवर यायचं नाही. शॉटसाठी किती घाम गाळला ते बघितलं की माणूस त्या शॉटच्या प्रेमात पडतो, मग कापायला हात धजत नाही. शंभर टक्के पटलं. रोज संध्याकाळी तो खाली येणार आणि चांगलं-वाईट मी तोंडावर सांगायचं. तोंडावर बोलायला मला सांगावं लागतं असं वाटणारा हा पहिलाच.

५ जानेवारी

सगळं फुटेज बघितलं. भिकार आहे. बंद हॉटेलात सहा जण अडकतात आणि मुखवटेवाला एकेकाला सुरीने मारतो. पुढचं दार सताड उघडं असताना हे सहा जण सहा खोल्यांत कशाला जातात, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. संवाद असे की खुनी आला की सुटलो म्हणावंसं वाटतं. मुखवटा म्हणजे उशीचा अभ्रा, त्यावर इस्त्रीची घडी स्वच्छ दिसते. खुन्याच्या घरी कुणीतरी टापटिपीचं आहे. आत दिग्दर्शक स्वतःच, कारण नट परवडत नाही. रक्त गुलाबी.

चांगलं आहे तेही मान्य करतो, जिवावर आलं तरी. हा खुनी कधी धावत नाही. पार्श्वसंगीत नाही, नुसता फरशीवर चपलांचा आवाज. कॅमेऱ्याला घाई नाही. बोळातला एक शॉट मी दुसऱ्यांदा बघितला तेव्हा पाय खुर्चीवर घेऊन बसलो होतो. पोराला नजर आहे, अक्कल कमी.

खरी करमणूक ‘कट’च्या नंतर. प्रेक्षकाला ती कधी दिसत नाही, आम्हाला दिसते. गळा चिरलेला रखवालदार ‘कट’ ऐकताच उठून बसतो, पोट खाजवतो आणि चहा आला का विचारतो. नाटकातला जुना नट आहे. मेलेला असताना त्याचं पोट भात्यासारखं हलतं.

संध्याकाळी दिग्दर्शकाची बिनपाण्याने केली. भाचीलाही सोडलं नाही. शेवटी तिला प्रेत सापडतं आणि ती किंचाळते, त्या किंकाळीवर अख्खी फिल्म उभी आहे, आणि अंगावर पाल पडली तरी पोरगी याहून खरं ओरडेल. तिचाही दोष नाही म्हणा. समोर कापसाचा पुतळा टाकलाय. मी म्हटलं, पुतळा बघून कोण ओरडेल? आपलं माणूस पडलेलं दिसलं तर किंकाळी फुटते. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि आभार मानले.

७ जानेवारी

भाचीच्या कानावर गेलं. दारात उभं राहून तिने मला सुनावलं. मामा, तू जिथे जातोस तिथे हेच करतोस, म्हणून घरी बसायची वेळ आली, तुला आणलं हीच माझी चूक. हातात आयतं काम आणून देणाऱ्या पोरीचं ऐकून घ्यायला हवं होतं. मी उलट तिला अभिनयाच्या शिकवणीला जा म्हणालो. बोलणं बंद आहे. वाईट वाटतंय, पण किंकाळी खोटी ती खोटीच.

९ जानेवारी

रखवालदाराचा मृत्यू पुन्हा घेतलाय. मी थक्क झालो. पोट हलत नाही. डोळे असे स्थिर की मीच नजर काढून घेतली. रक्त दाट, काळपट, फरशीच्या खाचेतून सावकाश सरकणारं. मेकअपवालीचं कौतुक करायला गेलो तर ती म्हणाली, मला त्या दिवशी सुट्टी होती, सेटवर दिग्दर्शक आणि कॅमेरामन सोडून कुणाला घेतलं नव्हतं. मग नटाने स्वतःच रंगवून घेतलं असणार, नाटकवाल्यांना सवय असते.

‘कट’नंतरही कॅमेरा बराच वेळ चालू होता. म्हातारा उठला नाही. भूमिकेत इतकं शिरायचं म्हणजे कमालच.

या फिल्ममधला पहिला प्रामाणिक शॉट, असं मी दिग्दर्शकाला सांगितलं. तो लाजून लाल झाला.

११ जानेवारी

नर्स झालेल्या बाईचाही प्रसंग नव्याने आला. मेल्यावर तिची पापणी फडफडते अशी माझी तक्रार होती. आता फडफडत नाही. ‘कट’ झालं. कुणी उठलं नाही. कुणी हसलं नाही. मग कुणीतरी दिवा बंद केला.

जेवायला ती आणि रखवालदार दोघंही नव्हती. काम संपलं, घरी गेली, असं दिग्दर्शक म्हणाला. मला निरोप घेणाऱ्यांची फारशी सवय नाही, म्हणून सोडून दिलं. पण झोप नीट लागली नाही.

१२ जानेवारी

सकाळी बेसिनवर रखवालदाराची कवळी दिसली. ग्लासात, पाण्यात. दात विसरून कोण घरी जातं?

त्याच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, अजून शूटिंग चाललंय ना? गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा त्यांना.

मी फोन ठेवला.

१३ जानेवारी, सकाळ

‘कट’नंतरचे सगळे तुकडे ओळीने लावून बघितले. आधीच्या टेकला सगळे उठतात. शिंकतात, चपला शोधतात. नव्या टेकला —

पोट हलतं म्हणालो, ते थांबलं. पापणी म्हणालो, तीही. मी बोललेलं त्याने एकही वाया घालवलं नाही.

पोलीस चौकीत फोन केला. सिनेमातला खून म्हटल्यावर पलीकडचा हसायला लागला. येऊन बघा म्हणालो. बघू म्हणाला.

आज भाचीचा शेवटचा प्रसंग. किंकाळीचा.

तिला गाठायला धावलो. खोली रिकामी. मेकअपवालीला आजही सुट्टी —

१३, दुपार

वरच्या बाथरूममध्ये आहे. आतून कडी लावलीय. खिडकीला गज. फोन कॅमेरामनने जिन्यातच काढून घेतला, आवाजाचं रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून.

नियम मोडून मला आत घेतलं त्याने. हसून. बाहेर लख्ख ऊन, आत खिडक्यांना काळं कापड, भर दुपारी रात्र केलीय. भाची धावत आली, गळ्यात पडली. मामा, प्रेताचं काम करायला तू तयार झालास, मला आत्ताच कळलं, माझ्यासाठी ना? रुसवा संपला म्हणाली.

मी तयार झालो नव्हतो. कॅमेरा तिच्याकडे रोखलेला. पुतळ्याच्या जागी फरशी पुसून ठेवलेली.

तोंड धुऊन येतो म्हणून इथे शिरलो. तिचा हात धरून पळायला हवं होतं. कॅमेरामन जिन्यात उभा होता. घाबरलो.

आतून ओरडलो. पळ, सुरी खरी आहे, ती दोघं मेलीत, खरंच मेलीत. बाहेर ती हसली. टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मामा, काय करतोस रे, एवढं चांगलं येतं तर इतकी वर्षं लपवलंस का?

दिग्दर्शक दाराशी आलाय. हळू बोलतोय. सर, तुम्हाला जमणार नसेल तर तिच्याकडून किंकाळी दुसऱ्या मार्गाने काढावी लागेल. त्या मार्गात ती शेवटपर्यंत राहत नाही. घाई नाही, म्हणतो.

ताई, मी लक्ष ठेवलं नाही गं —

दार उघडून सरळ त्याच्या अंगावर जायचं. दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. जिन्यातला मदतीला धावत वर येईल, जिना मोकळा. तेवढ्यात ती पळाली तर —

माझ्या तोंडचं तिला पटत नाही. सुरी खरी आहे हे तिला दिसायला हवं. आणि दिसणार कधी, तर आधी ती सुरी माझ्यात —

बाहेर शॉटची पाटी वाजली. कडी काढतोय. पोरी, ओरडत उभी राहू नकोस, नुसती प