काचेवरचा लाल ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

तो लाल ठिपका!

आमच्या प्रयोगात दोन काचा एकमेकींना न टेकता, केसाच्या जाडीहून शेकडो पट कमी अंतरावर असतात. त्यांच्यावरच्या बारीक रेघा जुळल्या की उष्णता पलीकडं उडी मारते, वरची काच फिरवली की ती उडी मंदावते. दसऱ्यापासून मात्र काच कशीही फिरवा, फरकच पडेना. सर म्हणाले, नवं काहीतरी सापडलं. परवा ते परिषदेत सांगणार आहेत.

आज काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर लाल ठिपका. लॅबमधले सलीमचाचा वाकून म्हणाले, "मॅडम, ये तो कुंकू है."

म्हणजे उष्णता उडी मारतच नव्हती, त्या कणावरून चालत जात होती! यंत्राची पूजा करायची नाय, असं सरांनी बजावलं होतं. मीच दसऱ्याला गुपचूप झाकणाला कुंकू लावलं. पण बाहेरून. मग ठिपका आत कसा?

सरांना फोन करून सगळं कबूल केलं. ते हळूच म्हणाले, "तू बाहेरून लावलंस. मी आतून लावलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून."