वासंतीआत्याची खरी जन्मतारीख

उइटहॉर्न, ४ मार्च २०२५

चि. वैदेहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मान कशी आहे? लायडनच्या त्या प्रयोगशाळेत दिवसभर बगळ्यासारखी वाकून बसतेस, दुसरं काय होणार! शिरीषचा खोकला गेला का? जावई असला तरी सांगते, तोंडावर हात धरायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि पुण्यात तुझ्या आईचे गुडघे काय म्हणतात?

इकडे कुणाल कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या यंत्रांपायी तैवानला गेलाय. सौ. ऋजुता ऑफिस, घर आणि सासू अशा तीन नोकऱ्या करते. तिसरी सगळ्यात कटकटीची.

माझ्या उजव्या डोळ्यात कोपऱ्याला काजळ फुटल्यासारखं दिसतंय. डोळ्यांच्या क्लिनिकची वेळ कुणालने जाण्याआधी अ‍ॅपमधून घेतली होती. सुनेला रजा कशाला काढायला लावा, म्हणून आज बसने एकटीच गेले. तिथे माणूस नाहीच! दारात एक यंत्र, ते जन्मतारीख विचारतं. आता पासपोर्टवर माझी एक जून आहे, पण ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनची, जणू गाव एका दिवसात बाळंत झालं. आई सांगायची की मी नागपंचमीची, म्हणजे पंचांगाप्रमाणे सव्वीस जुलै. डॉक्टरकडे खोटं बोलू नये, म्हणून खरीच दिली. यंत्राने लाल अक्षरांत डचमध्ये काहीतरी लिहिलं. मी थँक यू म्हटलं आणि बसले. दुपार सरली तरी कुणी बोलावलं नाही. डॉक्टर फार कामात असावेत बिचारे.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी आत्या, वासंती


लायडन, ६ मार्च २०२५

ती. वासंतीआत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन नेहमीप्रमाणे बंद होऊन कपाटात पडलाय, म्हणून ऋजुतावहिनीशी बोलले. आणि तू कागदावरचंच खरं मानतेस, म्हणून हे पत्र.

आत्या, डॉक्टर कामात नव्हते! एक जूनची बाई आलीच नाही असं यंत्राने धरलं आणि तुला गैरहजर ठरवलं. तसा निरोप कुणालदादाच्या फोनवर गेला, कारण तुझं सगळं आजारपण त्याच्या नंबरवर आहे. त्याने तो काल पाहिला. वहिनीने नवी वेळ घ्यायला लॉगिन केलं, तर कोड तैवानला आणि दादा गाढ झोपेत. तो उठल्यावर मिळाली ती वेळ थेट मे महिन्यातली.

आमच्याकडे डोळ्यांवर संशोधन करणारी जयंती आहे. ती म्हणाली, मेपर्यंत अजिबात थांबू नका. काजळ वाढून पडद्यासारखं उतरू लागलं तर त्याच दिवशी दाखवायचं, नाहीतर डोळा जातो. तेव्हा तुमच्या हाउसआर्ट्सच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जा, काउंटरसमोर उभी राहा आणि हलू नकोस. मी उद्या परिषदेला कोपनहेगनला निघतेय, पुढच्या शुक्रवारी परत येते. तोवर कृपा करून एक जूनलाच जन्म घे!

तुझा राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझी वैदेही


उइटहॉर्न, १३ मार्च २०२५

चि. वैदेहीस आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस, मी पालथी पडून लिहितेय. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय, तो जागेवर राहावा म्हणून तसा हुकूम आहे. या वयात पालथी पडले, आता रांगेन म्हणते.

ऑपरेशनचं ऋजुताने कळवलंच असेल, पण त्याआधीचं तिला अर्धंच ठाऊक. तिने शुक्रवारी दवाखान्याला फोन केला होता, तर तिकडून ध्वनिमुद्रित बाई अ‍ॅप वापरा म्हणाली. सोमवारी ती ऑफिसला गेली आणि पडदा उतरलाच. मी शेजारच्या कोरीला हाक मारली. कोरी ऐंशीची, तिला ना मूल, ना स्मार्टफोन. आम्हा दोघींचं मिळून एक इंग्रजी होतं.

काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली की वेळ अ‍ॅपमधून घ्या. मी म्हटलं, बाई गं, माझं अ‍ॅप तैवानला गेलंय. कोरीने तिला डचमध्ये काय सुनावलं कळलं नाही, पण त्यात देवाचं नाव दोनदा आलं आणि ते भक्तीने नव्हतं. मग आम्ही खुर्च्या ओढून तिच्यापुढेच ठाण मांडलं. खोली रिकामी. कोरी म्हणाली, पूर्वी इथे बसायला जागा नसायची, सगळे म्हातारे बरे झाले की काय? मी म्हटलं, बरे कुठले, घरी पासवर्ड आठवत बसलेत.

आमचं खिदळणं ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोळा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. संध्याकाळी मी टेबलावर होते. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर डोळा गेलाच होता. कडेचं दिसेल, मधलं किती येतं ते बुडबुडा विरल्यावर कळेल.

कुणाल फोनवर रडला. म्हणाला, सगळं तुझ्या नंबरवर करतो. मी म्हटलं कर, आणि मीही फोन कपाटातून काढते. पण जीव लागलाय तो कोरीपाशी. जिना चढताना तिच्या छातीत दुखतं आणि त्या यंत्रांच्या धास्तीने तिने कुणाला दाखवलेलंच नाही. तिच्यासाठी तैवानहून रडायलाही कुणी नाही. येत्या सोमवारी सकाळी ऋजुता रजा काढून तिला नेतेय, आणि तोवर फार दुखलं तर अँब्युलन्स बोलवायची असं ठरलंय. पण ऋजुता पडली सभ्य. अ‍ॅप म्हटलं की सॉरी म्हणून परत येईल. तू बरोबर जा. भांडण आपल्या घराण्यात आहे, तिच्या माहेरी नाही.

काय झालं ते लगेच लिही, मोठ्या अक्षरात. एका डोळ्याने वाचायचंय.

तुझी पालथी आत्या,
वासंती