रॉय डॅनरचा हिंदी आवाज

हेंद्रेपाडा, बदलापूर
४ ऑगस्ट २०२५

ती. नीलिमाताईस शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा टपालपेटी शोधत हिंडलो. आपला इंग्रजी सिनेमांतला घोड्यावरचा रॉय डॅनर म्हातारा झाला गं. तेवीस वर्षं त्याच्या तोंडी हिंदी मी घातलं. गोळ्या तो झाडायचा, दम मी द्यायचो. आता घोडा गेला, नायकपण गेलं. मागच्या सिनेमात विसाव्या मिनिटालाच मेला. माझी वाक्यं चार, त्यातलं एक नुसतं कण्हणं.

दुसऱ्या कुणासाठी मला कधी बोलावलं नाही. माझा घसा म्हणे डॅनरचाच. दिवाळीत त्याचा एक सिनेमा येतोय. बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर मी संपलो. तुझ्या गुडघ्यांचं लिही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा श्रीपाद

चिखलोली
२७ ऑक्टोबर २०२५

चि. श्रीपादास अनेक आशीर्वाद.

कळवलं नाहीस ना, लबाडा! सईने काल डॅनरचा नवा सिनेमा टीव्हीवर हिंदीतून लावला. कान गेले म्हणून काय झालं? नेहमीसारखी टीव्हीच्या पाठीला तळहात लावून बसले. तो बोलला की हाताला तूच! तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तोच हिसका. सईही म्हणाली, मामाच. अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. उगीच रडगाणं गात होतास.

मरताना बराच वेळ काय बोललास? सईला विचारलं, तर ती डोळे पुसत होती. लिहून कळव. भाऊबीजेला आला नाहीस, तो राग राखून ठेवलाय. माया त्याहून जास्त आहे.

तुझी ताई

हेंद्रेपाडा, बदलापूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस उत्तर लिहवेना. बोलावणं आलंच नव्हतं. वाट पाहून शेवटी मीच स्टुडिओत गेलो. तिथल्या तेजलने आधी चहा दिला, मग सांगितलं की माझी जुनी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरला दिली आणि सगळं तोच बोलला. तशी परवानगी मीच कधीतरी न वाचता सही करून दिली होती. भाऊबीजेला तुला तोंड कसं दाखवू, म्हणून आलो नाही. फार लाज वाटली.

तुझा हात चुकला नाही, ताई. आवाज माझाच. मी मात्र घरी बसून होतो.

मरताना काय बोललो, ते मला माहीत नाही. सईला विचारून तूच कळव. आणि पत्र लिहीत जा, एवढंच मागतो.

तुझा श्रीपाद