भाकरीवाले जावईबापू

कुरखेडा, आश्विन १९५७

तीर्थस्वरूप भैयाजींच्या पायांशी गुणवंताचा दंडवत. वहिनींचा गुडघा आणि आपल्या मासिकाचा खप, दोन्ही आता हिंडते-फिरते झाले असतील अशी आशा करतो. आम्ही सुखरूप आहोत. माझ्या अंगावर थोडं मांसही चढलं आहे (त्याला जबाबदार आपण).

‘मराठी माणसाचं अन्न’ यावर आपण कविता मागवलीत, तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, सगळी भातखाचरं. अकोला सोडल्यापासून मी स्वतः दोन्ही वेळा भातच खात होतो. तरी लिहिलं भाकरीवर, कारण कवितेतल्या मराठी माणसाला भात खाताना कोणी पाहिलेलं नाही. ‘भाकर ज्याच्या ताटी, तोच खरा मराठी’ ही ओळ आपल्याला फार आवडली. आमचे सासरे लटारूभाऊ यांनी तर ती चावडीवर पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मग शांतपणे म्हणाले, “जावईबापू, आमच्या ताटात तं भात हाय. मंग आमी कोन?”

रागावलं कोणीच नाही, हीच पंचाईत. उलट मान वाढला. शेजारच्या इंदुताईंच्या नातवाच्या बारशाला सगळ्यांना भात आणि लाखोरी डाळीचे वडे, माझ्या पानावर मात्र भाकर, वर तूप-गूळ. वाढणारा झाडू नावाचा पोरगा पंगतीभर ओरडला, “मास्तरले भात नोका वाढू बाप्पा, ते खरे मराठी हायेत!” ज्वारी इथे पिकत नाही, बिचारे माझ्यासाठी ती लांबून आणवतात. घरी सौ. कमळा भाकर थापायला शिकते आहे. तिच्या पहिल्या भाकरीवर मी खडूने धडा लिहू शकलो असतो.

हे सगळं हसून खातो. पण दिवाळीनंतर सासरी ‘नवं’ आहे. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवला की पहिला घास थोरल्या जावयाच्या पानावर पडतो. यंदा तो धाकटे साडू डोमा यांना वाढणार म्हणतात (त्यांना कविता येत नाही, भाग्यवान माणूस). भैयाजी, याचं मात्र खरंच वाईट वाटतं. तो घास खाल्ला की मी इथला आहे असं वाटायचं.

मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरवावा.

आपला,
गुणवंत

ता. क. : दिवाळीच्या अंकात माझी भातावरची कविता पहिल्या पानावर छापावी. लटारूभाऊंना तसा शब्द देऊन बसलो आहे. कविता सोबत आहे.

ता. ता. क. : सोबत नाही. रोज बसतो, पण पोटात भाकर असताना भातावर ओळ सुचत नाही. तेव्हा आपणच लिहावी आणि खाली माझं नाव घालावं. फक्त लिहिण्याआधी वहिनींना भात टाकायला सांगा, आणि पोटभर जेवून मगच बसा.