कमरेच्या उंचीवर आरसा

१२ मार्च, मंगळवार

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "बरी आहे ताई" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. तेही हातातून खाली ठेवशील, माहीत आहे मला. पण टेबलावर पडून राहिलं तर कधीतरी पुन्हा उचलशील, एवढ्या आशेवर लिहिते आहे.

मी मजेत. मशीन चालू आहे, डोळे चालू आहेत, तोंडाचं तुला ठाऊकच आहे.

बातमी अशी की मी गोगलगाय बाहेर काढली. हे गेल्यापासून बिचारी अंगणात ताडपत्रीखाली बसून होती. एवढ्या हौसेने घेतलेली मोटरहोम, आणि तिच्या टपावर मांजरी व्यायला लागल्या होत्या. बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली आणि मागच्या पंधरवड्यात मोठ्या रस्त्याला एक चक्कर मारून आणली. शेजारच्या सीटवर कुणी नसलं की रस्ता उगाचच रुंद वाटतो.

बाकी सगळं ठीक निघालं, फक्त न्हाणीघर सोडून. तुला आठवत असेल, न्हाणीघर कसलं, कपड्यांचं कपाटच ते. त्यात कमोड, त्यातच शॉवर, दोन्ही कोपरं बाहेर काढली की दोन्ही भिंतींना लागणार. पहिल्याच वळणाला साबण, शांपू, ब्रश सगळे जमिनीवर आणि कंगवा थेट कमोडात. म्हटलं, हे नीट केल्याशिवाय लांब जाणं नाही.

मग एक सुतार गाठला. तो भिंतीवर टकटक करत म्हणाला, "बाई, ही भिंत नाही, बिस्कीट आहे. स्क्रू धरायचा नाही." तरी कानाने चाहूल घेत घेत त्याने आतल्या लाकडी पट्ट्या शोधल्या आणि सगळं त्यांच्यावरच ठोकलं. एक अरुंद फळी बसवली, तिला पुढे बोटभर कठडा, म्हणजे वळणावर काही घसरणार नाही. फळीखाली कात्रीसाठी खाच. शॉवर भिंतीतून काढून हातात धरायचा लावला, वरखाली सरकतो. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, लोहचुंबकाने बसणारं, वास बाहेर येत नाही. छताला छोटा पंखा. दाराच्या मागे जाळीचे कप्पे, त्यात पुसण्या आणि जे काय लागेल ते कोरडं राहील. आणि मी माझ्या हाताने एक पट्टी शिवली, गळ्यात घालायची, तिच्या टोकाला चिमटा. झगा वर धरून त्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे.

आरसा जमिनीपासून छत्तीस इंचांवर लावून घेतला. सुतार बघतच राहिला. "एवढ्या खाली आरसा? घरात कुत्रं आहे का?"

मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात."

"गुडघे आरशात बघायचेत?"

"तुम्ही ठोका हो."

तर आता असं करू. तुझ्या चिमणीकडे जाऊ, तू आणि मी. दोन दिवसांचा रस्ता. तुझी नात धरून धरून उभी राहायला लागली म्हणे, आणि तू तिला अजून फोटोतच पाहतेस. तुला कुणाकडे उतरायला नको, हॉटेल नको, रेल्वे नको. ऑपरेशनपासून प्रवास सोसत नाही म्हणतेस, मग नको करूस प्रवास. आपण घरच घेऊन जाऊ.

कधी निघायचं तेवढं कळव. भाऊजींना आठवण सांग.

तुझी जाऊबाई


२३ मार्च, शनिवार

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार ओळी, चारही चावऱ्या. "ताई, गुडघ्यांना कात्री कशाला लागते? तुम्हाला कुणी सांगितलं ते मला कळलं. ह्यांच्याशी मी बोलणं टाकलं आहे. गाडी विकून टाका."

आधी भाऊजींचं बोलते. काल त्यांचा फोन आला होता. "वहिनी, मी काय केलंय हो? चहा समोर आदळून निघून जाते. काही विचारलं की म्हणते, तुमच्या वहिनींना विचारा." मी फोन तसाच मशीनवर ठेवून दिला. त्यांना वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो करत राहिले.

धाकटे, त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही. एक अक्षर नाही. तू त्यांच्याकडून वचन घेतलं असशील तर त्यांनी ते पाळलं आहे. मला सांगितलं ते तुझ्या कपड्यांनी.

तू या घरात आल्यापासून तुझे कपडे मी शिवते. तुझं माप मला पाठ आहे. तू कमरेला नेहमी घट्ट मागायचीस. "अजून अर्धा इंच आत घ्या ताई, मी काय पिंप आहे?" आणि मी आत घ्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, नाही बाई, पिंप मी आहे. मग तुझं ऑपरेशन झालं. आतड्यातली गाठ काढली, सगळं छान झालं, एवढंच आम्हाला कळलं. दोन महिन्यांनी तुझ्याकडून कपड्यांचं गाठोडं आलं. सोबत चिठ्ठी: कमरेची शिवण उसवा, डाव्या बाजूला चुण्या द्या, रंग गडदच घ्या. दुखणं काढून उठलेली बाई बारीक होते. ती दोन्हीकडे बारीक होते. एकाच अंगाला सैल कपडा कुणी मागत नाही. आणि गाठोड्यातल्या जुन्या स्कर्टचं इलॅस्टिक डावीकडे वीतभर कापलेलं होतं. कात्रीने नव्हे, रागाने.

माझ्या एका गिऱ्हाइकाला अशीच पिशवी आहे.

पिशवी. घे, लिहिला एकदाचा शब्द. तुझ्या पोटावर पिशवी आहे, तुझं पोट आता तिच्यात रिकामं होतं. त्यात लाजण्यासारखं काय, असं मी म्हणणार नाही. मला लागली असती तर मी तुझ्याहून जास्त लाजले असते, आणि तुझ्याहून जास्त लोकांवर ओरडले असते. त्या गिऱ्हाइकाचे कपडे मी शिवते, म्हणून तिला काय काय लागतं ते मला माहीत आहे. झगा वर धरायचा चिमटा तिनेच सुचवलेला. ती कोण, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुझंही नाही. शिंप्याला ज्या गोष्टी कळतात त्या त्याने शिवणीच्या आतच ठेवायच्या असतात.

वर्षभर गप्प राहिले. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून वाट पाहिली. तू सांगत नव्हतीस आणि दर खेपेला आणखी सैल, आणखी गडद कपडा मागत होतीस. पुढचं माप काय येईल याचीच मला भीती वाटायला लागली. गेल्या महिन्यात चिमणीने फोनवर विचारलं, "काकू, आई माझ्यावर रागावली आहे का? माझ्या लेकीला बघायलासुद्धा येत नाही." मी म्हटलं, नाही गं, प्रवास सोसत नाही तिला. ती म्हणाली, "मी येते तर नको म्हणते, ती येते का तर नाही म्हणते." यावर काय बोलायचं, तूच सांग. मला तोंडाने बोलता येईना, म्हणून सुताराकडून बोलले. चुकलं असेल. खरं तर चुकलंच, कारण मार भाऊजींना बसला.

गाडी विकायची म्हणतेस तर विकेन. पण सगळं तुझ्यासाठीच केलं असं मी पहिल्या पत्रात दाखवलं नाही, तसं आताही दाखवत नाही. मला ती एकटीने चालवायची भीती वाटते. त्या दिवशी चक्कर मारली म्हणून लिहिलं ना, ती अर्धीच मारली. पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच परत फिरवली. न्हाणीघरात ह्यांचा दाढीचा मग अजून तसाच होता. सुताराने उचलून विचारलं, "हे टाकायचं?" मी ठेवा म्हटलं. नव्या फळीवर तेवढी जागा गेली. उरलेली तुझी आहे.

आरशाला लाकडी झडप लावून घेतली आहे. उघडायची की बंद ठेवायची ते तुझं तू बघ.

भाऊजींशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझी शिंपीण


४ एप्रिल, गुरुवार

ताईंना,

नमस्कार, पण रागाने.

तुमचं पत्र वाचून फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं, त्यात एक तुकडा केरसुणीखाली गेला, तो ह्यांनी शोधून दिला. न वाचता दिला. ह्यांच्याशी बोलले मी. म्हणजे जेवताना "मीठ द्या" म्हटलं. ते रडायला लागले. मिठासाठी कुणी रडतं का? मग मीही रडले आणि आमटी गार झाली.

तुम्हाला वर्षभर माहीत होतं याचा मला फार राग आला आहे. मी तुमच्यासमोर पदराआड, उशीआड, पिशव्यांआड बसत होते, आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं करत होता. एवढं लपवायला किती ताकद लागते तुम्हाला कल्पना नाही. ती सगळी फुकट गेली.

आणि तुमचं न्हाणीघर चुकलं आहे.

तुम्ही शिंपी माणसं सगळ्यांना उभं करून माप घेता. हे काम मी उभ्याने करत नाही. पाय थरथरतात. मी कमोडवर बसते. परवा दार लावून आमच्या बाथरूममध्ये बसले आणि तुमच्या छत्तीस इंचांना टेप लावून पाहिली, तर तुमच्या आरशात मला माझी मान दिसेल. मान माझी चांगलीच आहे. आरसा दहा इंच खाली घ्या. फळीही खाली, आणि समोर नको, बाजूला; समोर असली तर पुढे वाकावं लागतं आणि वाकलं की दुखतं. भोक गोल कापायला कात्री वाकड्या टोकाची लागते. शॉवर हातात धरायचा केलात ते बरं केलंत. चिमट्याची पट्टी लगेच पाठवून द्या, तिच्यासाठी निघायची वाट बघायला नको. मी वर्षभर झगा दातांत धरते आहे.

सुताराला सांगा, हो, घरात कुत्रं आहे. चावरं आहे.

ताई, मी येते असं अजून म्हटलेलं नाही. आधी हे वाचा. ती रात्री कधी कधी सुटते. मग चादर, गादी, अंगावरचं सगळं. त्या गाडीत तुमची गादी माझ्यापासून दीड हातावर असणार. तुम्हाला जाग येईल, वास येईल, आणि तुम्ही मला लाज वाटू नये म्हणून झोपल्याचं सोंग कराल. वर्षभर केलंत तसंच. ते आता करू नका. जाग आली तर दिवा लावा. काय म्हणायचं ते म्हणा, शिव्या द्या, खिडकी उघडा, पण दिवा लावा.

चिमणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. फोनवर सांगता येत नाही आणि समोर जायची छाती होत नव्हती. सारखं एकच डोळ्यांसमोर येतं, मी त्या पोरीला मांडीवर घेते आणि ती लाथा झाडते. त्या वयाची मुलं लाथा झाडणारच. काल एक उशी घेऊन बसून पाहिलं. उजव्या मांडीवर घेतली तर पाय डावीकडे पोचत नाहीत.

दादांचा मग राहू दे फळीवर. माझं सामान जाळीत मावेल. पुलापर्यंत तुम्ही आणा गाडी, पुलावर मी शेजारी बसून बडबड करेन, तुमच्यासारखी.

पण आधी इकडे या. ताडपत्री घालू नका पुन्हा तिच्यावर. येताना टेप आणा, आणि या वेळी मला खुर्चीवर बसवून माप घ्या. दार लावून. फक्त तुम्ही.

तुमची,
माप बदललेली धाकटी